डावीकडचं स्टूल

“ताई, अंगठा वर करा की जरा.”

नात्सुए खाली बसून मियोकोच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. खरं तर आज हे काम दुसऱ्या कुणी करायला हवं होतं, कारण थोड्याच वेळात राष्ट्रीय ज्युदो स्पर्धेच्या अंतिम फेरीत या दोघीच समोरासमोर उभ्या राहणार होत्या. पण मियोकोची बोटं मोडून मोडून आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. ती बांधावीत नात्सुएनेच, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता.

“घट्ट झालं का?”

“असू दे. तुला आपटताना सुटायला नको.”

“आपटा की! मला काय, सवय आहे,” नात्सुए हसली.

मियोको चौतिशीची, देशाची अनेकदा विजेती. आज जिंकली तर जागतिक स्पर्धेला जाणार होती. हरली तर काय, हे प्रशिक्षक सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. “मग थांबायचं, मियोको. कंपनीत तुझं टेबल तयार आहे.” त्या विमा कंपनीच्या संघातच तिचं आयुष्य गेलं होतं, पण टेबलाशी ती कधी बसली नव्हती. भल्याभल्यांना लोळवणाऱ्या या बाईला त्या टेबलाची मात्र धडकी भरली होती.

नात्सुए तिची सरावाची जोडीदार. तिचं काम एकच, दुसरं कुणीतरी व्हायचं. परदेशातली स्पर्धा आली की सर चित्रफिती आणत, आणि महिनाभर नात्सुए त्या मुलीसारखी चाले, तिच्यासारखीच पकड घेई आणि मियोकोच्या हातून आपटली जाई.

“आज कोण आहेस गं?” गादीवर येताच मियोको विचारायची.

“मंगोलियाची. जरा जपून हं, ताई.”

एवढंच त्यांचं बोलणं. दोघी एका टेबलावर कधी जेवल्या नाहीत. सगळ्यात हलक्या वजनगटात टिकायचं म्हणून मियोको उकडलेला कोबी घेऊन खोलीत दार लावून बसे. दुसऱ्यांच्या भाताचा वास तिला सोसत नसे. यंदा सरांनी स्पर्धेत नात्सुएचंही नाव घातलं, तेव्हा मियोको तिला म्हणाली होती, “घे बाई, हौस फेडून!”

पंचाने इशारा केला. नात्सुएचा डावा हात थेट कॉलरवर आला.

फ्रान्सची, मियोकोच्या मनात आलं. ती फ्रेंच मुलगी डाव्या हाताचीच होती. अशी पकड घेतली की ती पाय आतून अडकवणार, हे मियोकोला पाठ होतं. तिने पाय मागे घेतला. पण नात्सुए तिथे आलीच नाही. ती गर्रकन वळली, कंबर खाली घातली, आणि मियोकोला छताचे दिवे दिसले. पाठ गादीवर आपटल्याचा आवाज आला. तो आपलाच, हे कळायलाही तिला वेळ लागला.

पंचाचा हात सरळ वर गेला. संपलं.

दोघींनी पट्टे नीट बांधले, वाकून नमस्कार केला. नात्सुएच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. हरलेल्यासमोर हसायचं नसतं, हे तिला मियोकोनेच शिकवलं होतं.

बाहेर बोळात मियोकोने तिला गाठलं. “मला वाटलं, तू फ्रान्सची झालीस.”

“नाही ताई. आज मीच होते.”

“म्हणजे तू डावखुरी आहेस?”

“जन्मापासून. फ्रान्सवालीचा महिना माझा सणासारखा जायचा!” नात्सुए हसली आणि मग हळूच म्हणाली, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मियोकोला फार लागलं. जिचा हात रोज आपल्या अंगावर होता, ती जेवते कुठल्या हाताने हेही आपल्याला ठाऊक नाही.

“चल,” ती एकदम म्हणाली, “मागच्या गल्लीत उदोन खाऊ. वजन गेलं खड्ड्यात!”

नात्सुएचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. “परवापासून जागतिक स्पर्धेचं शिबिर आहे, ताई. सरांनी आत्ताच माझं जेवण कमी केलंय.”

“नात्सुए!” तिकडून सरांनी हाक मारली. ती वाकली आणि पळाली.

उदोनच्या दुकानात फळीसमोर स्टुलं मांडली होती. मियोको डावीकडून दुसऱ्यावर बसली. मालकीणबाईंनी जाड शेवयांचा वाफाळता वाडगा समोर ठेवला.

“टोकाचं रिकामं आहे की. तिकडं बसा ऐसपैस.”

“नको. डावखुऱ्या माणसाला टोकाला बसू द्यावं. नाहीतर कोपराला कोपर लागतं.”

“म्हणजे कुणी यायचंय होय?”

“आज नाही.”

बोटांवरची पट्टी तिने काढली नाही. वाडगा थोडा उजवीकडे सरकवला आणि ती जेवू लागली.