भाजीचा लगदा

बाबांनी ताट पुढे सरकवलं तेव्हा त्यातली भाजी वाढली होती तशीच होती. पोळीचा एखादा तुकडा आमटीत भिजवून त्यांनी गिळला असावा, कारण वाटीच्या काठाला पिवळा ओघळ होता.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं की. पोट भरलं."

"कशानं? बघून?"

"इथल्या भाजीकडे बघवतही नाही," बाबा म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी एका हाताने पँट धरली. पट्ट्याला शेवटच्या भोकापुढे त्यांनी स्वतःच खिळ्याने आणखी एक भोक पाडलं होतं, आता तेही पुरेना.

तिने ताटातली भाजी डब्यात काढली. उद्या दुपारी कामावर तेच तिचं जेवण. आई गेल्यापासून ती बाबांनी न खाल्लेलं खात होती, उभ्या उभ्या, गारढोण. तिला त्याची चव लागते की नाही हे कुणी विचारत नव्हतं. विचारणारी आई थंडी सरता सरता गेली होती.

आई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. परक्या देशात माणूस गेलं की आधी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि रडणं मागाहून. तिचं ते मागाहूनचं राहूनच गेलं, कारण सगळं उरकतंय न उरकतंय तोच बाबांचं अन्न सुटलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. धक्का आहे, ओसरेल, असं ते म्हणाले. पुढच्या खेपेला बाबांना काट्यावर उभं केलं तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला. महिनाअखेरीपर्यंत वजन सावरलं नाही तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल.

हे तिने दादाला फोनवर सांगितलं आणि तिकडे दादाचा पारा चढला.

"नळी? बाबांना इकडे पाठव. तिथे सगळं प्लास्टिकमधलं मढं खाता तुम्ही, माणसाला भूक लागणार कशी?"

"ते यायला तयार नाहीत. आईची खोली सोडवत नाही त्यांना. आणि दादा, तू आणि वहिनी सकाळी घर सोडता ते दिवे लागल्यावर येता. त्यांच्यापुढे ताट कोण ठेवणार?"

"तू ठेवतेस ना? त्यानं काय उजेड पडला?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"महिनाअखेर," दादा म्हणाला. "मग मी तिकीट काढतो. नळी-बिळी काही नको."

खरं तर दादा जे बोलला ते तिलाही पटत होतं. दोष अन्नाचा होता. आईसुद्धा आयुष्यभर नाही तरी इथे आल्यापासून तेच म्हणत आली होती. इथे आई सगळं अति शिजवायची. पालक असो, गाजर असो, शेंगा असोत, ताटात येईपर्यंत त्यांचं पार गरगट झालेलं असायचं. यावरून मायलेकींची खडाजंगी ठरलेली.

"आई, अगं यातलं सत्त्व पार उडून गेलं. हा लगदा आहे."

"इथल्या भाज्यांना दोन उकळ्यांनी काय होतंय? औषधं मारून मारून निबर झाल्यात नुसत्या."

"मग निबर नसलेल्या आणू."

"आण. मी त्याही अशाच शिजवीन," आई म्हणायची आणि पळीने पातेल्याच्या कडेशी उरलेला एखादा घट्ट तुकडा शोधून चेपायची.

आईच्या माघारी तिने स्वयंपाक हातात घेतला आणि ठरवलं, आता बाबांना नीट खायला घालायचं. लगदा बंद. तिने वाचलं, विचारलं, पाकिटांच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगाने पाहिली. कामावरून सुटल्यावर दोन बस बदलून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेंद्रिय दुकानात जायची. तिथे मातीसकट गाजरं मिळायची. भाज्या ती नुसत्या वाफेवर धरायची, करकरीत ठेवायची. काकडी-बीट कच्चंच, वरून भोपळ्याच्या बिया. बाबा ताटाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "वा, रंग सुंदर आहे." मग आमटीत पोळीचा तुकडा बुडवायचे.

जितकं चांगलं आणावं तितकं ताट भरलेलं परत यायचं. मग ती आणखी चांगल्याच्या शोधाला निघायची.

या शोधात तिला सेंद्रिय मावशी भेटल्या. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. या शहरात त्यांची उमर गेली होती, आणि न्हाणीघरातल्या टबात त्यांनी माती भरून मेथी लावली होती. आंघोळीचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "अंग काय, बादलीतही भिजतं. मेथीला खोली लागते."

"अगं, त्यांची भूक मेलेली नाही, अन्न मेलेलं आहे," मावशींनी फोनवर निदान केलं. "तुझ्या त्या दुकानातलं सेंद्रियसुद्धा आठवडाभर शीतपेटीत पडून असतं. शनिवारी त्यांना घेऊन चल माझ्याबरोबर. मळ्यावरच जाऊ. झाडावरून तोंडात."

शनिवार हा तिचा एकुलता एक झोपेचा दिवस. ती हो म्हणाली.

आठवडाभर ती जिथे बसायची ती जागा म्हणजे कवळ्यांची कार्यशाळा. खिडकीखाली लांब टेबल, दिव्यावर वितळणारं मेण, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीने कायम कोरडे पडलेले हात. शहरभरचे दंतवैद्य माणसांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे. सोबत मेणाची एक पट्टी यायची. त्या मेणावर माणसाने चावा घेतलेला असायचा, आणि वरचे-खालचे जबडे कसे भेटतात ते त्या खुणांवरून वाचून ती दात बसवायची. माणूस तिला कधी दिसायचा नाही, त्याचा चावा तेवढा ओळखीचा व्हायचा. आईबाबा इथे कायमचे राहायला आले तेव्हा तिने पहिली भेट म्हणून बाबांची कवळी स्वतःच्या हाताने केली होती. बाबांनी ती सगळ्यांना हसून हसून दाखवली. "आमची लेक," ते म्हणायचे, "लोकांना दात देते. बापाला तर फुकट दिले."

मळा बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे होता. रस्ताभर मावशी बोलत होत्या आणि बाबा खिडकीबाहेर पाहत होते. हवेत गारठा उतरायला लागला होता. मळेवाल्या बाई गुडघ्याएवढे बूट घालून पुढे आल्या, त्यांनी वाफे दाखवले. पानं भोकाभोकांची होती.

"बघ, बघ!" मावशी हरखल्या. "किडीनं खाल्लंय. किडा मूर्ख नसतो. दुकानातल्या पानाला तो तोंडही लावत नाही."

"किड्याला दात चांगले असतील," बाबा पुटपुटले. मावशी खो खो हसल्या. तीही हसली, कारण बाबा किती दिवसांनी काहीतरी गमतीचं बोलले होते.

कुंपणालगत सफरचंदाची झाडं होती. मळेवाल्या बाईंनी एक लाल-हिरवं फळ तोडून, बाहीला पुसून बाबांच्या हातात दिलं आणि खायची खूण केली. बाबांनी ते हुंगलं. कोटाच्या खिशाकडे हात नेला.

"खिशात काय घालता?" मावशी ओरडल्या. "आत्ता! झाडावरून तोंडात!"

तिघीजणी बघत होत्या. बाबांनी मान थोडी वळवली आणि चावा घेतला. कर्र असा आवाज झाला.

"वा," बाबा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "याला म्हणतात फळ."

"म्हटलं नव्हतं मी?" मावशींनी तिचा दंड दाबला. "रडू आलं बघ त्यांना. किती दिवसांनी खरं काही पोटात गेलं."

बाबांनी सफरचंद कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं आणि रुमाल तोंडावर धरून उगाचच वाफ्यांच्या दिशेला चालत गेले. मुंग्या लागतील म्हणून तिने फळ उचललं. पिशवीत टाकणार, तोच तिची नजर चाव्यावर गेली.

नजर गेली ती कामाच्या सवयीने. वरच्या दातांची खूण स्वच्छ होती, तिने रचलेल्या ओळीची, डावीकडच्या किंचित तिरप्या दातासकट. बाबांचा जुना दात तसाच तिरपा होता म्हणून तिने तो मुद्दाम तसा ठेवला होता. पण खालच्या दातांची खूण नव्हतीच. तिथे सालीवरून गेलेला एक लांब ओरखडा होता. खालची कवळी रुतली नव्हती, जागेवरून उठून घसरली होती. चाव्याच्या पांढऱ्या गरावर तांबूस डाग होता. असा चावा मेणावर आला असता तर तिने पट्टी बाजूला काढून चिठ्ठी लावली असती: बसत नाही, रोग्याला त्रास होत असणार, परत बोलवा.

 मावशींनी घ्यायला लावलेल्या सगळ्या भाज्या तिने घेतल्या. बसमध्ये सफरचंद तिच्या कोटाच्या खिशात होतं आणि अंगठा त्या ओरखड्यावर.

घरी आल्यावर तिने पिशव्या ओट्यावर तशाच ठेवल्या आणि फळ बाबांपुढे टेबलावर ठेवलं, चाव्याची बाजू वर करून.

"बाबा, कवळी काढून दाखवा."

"आत्ता? काहीतरीच काय!"

"दाखवा."

"अगं, मस्त बसलीय. तू केलेली. तिला काय धाड भरलीय?"

"मी केलीय म्हणूनच म्हणते. काढा."

बाबांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाठ केली. वळले तेव्हा रुमालात दोन्ही कवळ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम छोटा झाला होता. खालच्या कवळीच्या आत टिश्यूची बारीक घडी चिकटवली होती. ती ओली आणि तांबडी होती. तिने दिव्याखाली त्यांना तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीवर जखमेची कड उठली होती.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून जराशी लागायची. थोडीच. आता अंग उतरलं तशी पार सैल झाली." दातांशिवाय त्यांचे शब्द पसरट येत होते.

"पहिल्यापासून? कवळी बसवताना दंतवैद्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, एकदम झकास!"

"तू शेजारी उभी होतीस की. कशी बघत होतीस माझ्या तोंडाकडे! मी दुसरं काय म्हणणार?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"आईला माहीत होतं?"

"तिला न सांगता कळलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं मऊ. आणि तुला काय एकेक उत्तरं द्यायची. भाज्या निबर म्हणे!" बाबा हसायला गेले, आणि हात तोंडावर नेऊन थांबले. "एकदा मी म्हटलं, सांगू का लेकीला? तर म्हणाली, राहू द्या, दमून येते ती."

"मग आई गेल्यावर तरी…"

"आई गेली आणि मी दातांचं रडगाणं लावू? तू डब्यातलं गार अन्न उभ्यानं खातेस ते मला दिसत नाही होय?"

तिला राग आला होता, पण कुणावर आला हे कळायच्या आत तो थकव्यात विरून गेला. टिश्यूची घडी तिने काढून टाकली. कवळ्या धुतल्या, डबीत ठेवल्या, डबी कामाच्या पिशवीत. दंतवैद्यांकडे सोमवारचा निरोप ठेवला: नवा ठसा घ्यायचा आहे, आणि यावेळी मी खोलीबाहेर बसेन.

मग तिने मळ्यातली भोकाभोकांची पानं चिरायला घेतली. बारीक, त्याहून बारीक. पातेलं चढवलं. उकळी आली, दुसरी आली, रंग हिरव्याचा शेवाळी झाला, खिडकीच्या काचा वाफेने भरल्या. हात दोनदा सवयीने गॅसच्या बटणाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. शेवटी तिने पळीने कडेचा एक घट्ट तुकडा चेपला, तेव्हा तो कसा चेपायचा हे मनगटाला आधीच ठाऊक होतं. तिने क्षणभर डोळे मिटून घेतले आणि मग भात गुरगुट्या केला.

बाबा तोंड भिंतीकडे करून जेवले. मध्येच मावशींचा फोन आला.

"खाल्लं का गं त्यांनी?"

"खातायत. दुसऱ्यांदा घेतलं."

"बघ! अन्न जिवंत असलं की पोट आपोआप मागतं."

"हो मावशी," ती म्हणाली. आणखी काही बोलायचं त्राण नव्हतं, आणि भाजी चांगली होती हे खरंच होतं.

पाठोपाठ दादाचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन घेतला, एका हाताने तोंड झाकलं आणि कॅमेरा खाली ताटाकडे वळवला. ताट पुसल्यासारखं होतं.

"अरे वा! काय होतं?"

"लगदा."

"काय? आणि तुम्ही दिसत का नाही? चेहरा दाखवा."

"दात कामाला गेलेत," बाबा म्हणाले. "आले की दाखवतो. तिकिटाची घाई करू नकोस."

महिनाअखेरीला काटा काय सांगेल ते तिला माहीत नव्हतं. पातेल्यात थोडी भाजी उरली होती. तिने ती वाटीत काढली, डब्यात नाही, आणि बाबांसमोरच्या आईच्या खुर्चीवर बसून पहिला घास घेतला. आईच्या हातची चव त्यात नव्हती. मऊपणा तेवढा तोच होता.

"मीठ कमी पडलंय," बाबा म्हणाले.

तिने मान वर केली.

"मघाशीच सांगणार होतो," बाबा म्हणाले. ती उठायला लागली तसं त्यांनी तिला हाताने बसवलं, आणि दुसऱ्या हाताने पँट धरून ते मिठाची बरणी आणायला ओट्याकडे गेले.