बांगड्यांचा सीन

लातुरात त्या वर्षांत पोरी दोनच गोष्टींना भ्यायच्या, भूकंपाला आणि बारावीला. सिंधू मात्र त्या रविवारी एका कॅसेटला भ्याली.

शरणम्माच्या मेसमध्ये वीस पोरी होत्या, सगळ्या ट्यूशनसाठी आलेल्या. सराव परीक्षा संपली की व्हिडिओ भाड्यानं आणायचा, हा तिथला रिवाजच. यंदा कॅसेट निवडली उदगीरच्या अक्षरानं. तिनं पिक्चरचं नाव सांगितलं आणि पोळ्या लाटणाऱ्या सिंधूचं लाटणं जागीच थांबलं.

सांगायचं तर सिंधू त्या पिक्चरमध्ये होती. पंधरा वर्षांपूर्वी नांदेडला, गोदावरीच्या घाटावर शूटिंग आलं होतं. तेव्हा ती भामाबाई या गुरूंची चेली, टाळ्या वाजवत दुकानादुकानांतून बाजार मागणाऱ्या हिजड्यांतली. एक माणूस वस्तीत आला, हिजडे पाहिजेत म्हणाला, आणि सगळ्यांना ट्रकमध्ये घालून घेऊन गेला. त्या काळच्या सिनेमाला यांचं कामच काय, तर लोकांना हसवायचं, नाहीतर लेकरांना भेदरवायचं. घरी चूल पेटवणारी, कुणाला जीव लावणारी अशी एक तरी त्यांनी दाखवायची होती. पण कोण दाखवतो?

लातुरात यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. भूकंपानंतर मदतीचा स्वयंपाक करायला सिंधू किल्लारीकडं आली, आणि तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिला शरणम्मा भेटली, नुकतीच नवरा गमावलेली. बाया तिच्या बांगड्या दगडानं फोडायला निघाल्या होत्या. सिंधूनं त्यांना बाजूला सारलं, साबण लावला आणि एकेक बांगडी अलगद काढली. तेव्हापासून दोघी एकत्र, लातुरात ही मेसही दोघींनीच उभी केली. सिंधूचा आवाज घोगरा, तर पोरी म्हणायच्या, मावशीचा घसा भूकंपाच्या धुळीनं बसला. सिंधू हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

आता एका जरी पोरीनं ओळखलं, तरी बातमी तिच्या बापापर्यंत जाणार आणि आठ दिवसांत मेस रिकामी होणार. शरणम्मा अक्काचं पोट त्या मेसवर होतं आणि सिंधूला दुसरं घर नव्हतं.

एरवी रोज दुपारी न चुकता जाणारी लाईट त्या दिवशी काही केल्या जाईना. मेली नको तेव्हा बरी टिकते. सिंधू कणकेची परात घेऊन दाराआड बसली. दाराच्या फटीतून टीव्ही दिसत होता. शरणम्मा पोरींच्या मागं खुर्ची टाकून बसली होती.

तो घाट आला. हिरोचा मित्र साडी नेसून टोळक्यात लपला, पोरी खिदळल्या. मग कॅमेरा सिंधूवर आला. दिग्दर्शकानं तिचे हात नव्या बांगड्यांनी भरले होते आणि सांगितलं होतं, रडत रडत फोड, मजा आली पाहिजे. भामाबाई जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. चेलीनं गुरूमागं विधवेसारख्या बांगड्या फोडायच्या असतात, तशा तिनं एकदा फोडल्या होत्या. त्या दिवशी दुसऱ्यांदा फोडल्या. हुंदका आवरला नाही, काच मनगटात घुसली. पडद्यावर त्या रडण्याला त्यांनी पिपाणी लावली होती. पोरी हसून लोळायला लागल्या.

"कशाला हसायलाव गं?" शरणम्मा म्हणाली. "ती बाई खरंच रडायली हाय. अक्षरा, जरा मागं घे."

चित्र मागं गेलं, पुन्हा आलं.

"थांबव."

चित्र थरथरत थांबलं. मोठा चेहरा, मनगटावरून ओघळणारं रक्त. सिंधूनं उजवा हात कोपरापर्यंत कणकेत खुपसला. पोरींतली एकही वळली नाही. त्यांना त्या चेहऱ्यात बघण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. शरणम्मा तेवढी बघत राहिली. मग म्हणाली, "चालू दे," आणि उठून आत आली.

तिनं दार लोटलं. सिंधूचा हात परातीतून काढला, पदरानं कणीक पुसली आणि मनगटावरच्या जुन्या वणावर बोट ठेवलं.

"अक्का, मी आजच जाते," सिंधू म्हणाली. "पोरींना काही कळायच्या आत जाते."

शरणम्मानं ते ऐकलंच नाही, किंवा ऐकूनही सोडून दिलं. "शेडमधी तू माझ्या बांगड्या फोडू दिल्या न्हाईस," ती म्हणाली. "म्हणलीस, काच आत जाती. मी लई दिवस इचार केला, हिला कसं ठाव."

बाहेर पोरी पुन्हा कशाला तरी हसल्या. सिंधूनं हात सोडवायला पाहिलं, शरणम्मानं सोडला नाही.

"कोण गेलं होतं गं तुझं?"

पंधरा वर्षांत किती गावांनी तो सीन बघितला असेल. हे कुणी विचारलं नव्हतं.

"माय," सिंधू म्हणाली. "भामाबाई नाव होतं."