निळ्या पट्ट्याची मुलगी

टाचणी हे नाव मला मामाने ठेवलं. लहानपणी मी काटकुळी होते आणि कुणी काही बोललं की टोचायचे, म्हणून. त्या नावाने हाक मारायचा हक्क फक्त त्याचा. आईने एकदोनदा प्रयत्न केला, पण मी ओ दिली नाही.

मामा शिंपी. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्याच्याकडे आली आणि आम्ही तिथलेच झालो. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मशीन थांबलं की उलट दचकायला व्हायचं. मामाच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नसत, कपडे राहायचे. "तो उतरत्या खांद्यांचा येऊन गेला," असं तो सांगायचा. रस्त्यात गिऱ्हाईक भेटलं की आधी कॉलर बघायचा आणि मग ओळखीचं हसायचा. मी विचारायचे, "मामा, घरात चोर शिरला तर पोलिसांना काय सांगशील?" तो म्हणायचा, "पँट मागून उसवलीय, शोधा."

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, म्हणजे कात्रीचा हात गेला, आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. गिळताना ठसका लागायचा, घराला अरुंद जिना, उचलायला आम्ही दोघी. डॉक्टर म्हणाले, सध्या इथेच राहू दे. इथे म्हणजे गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे लवकर घरी न जाणारे पेशंट ठेवतात. भेटायला संध्याकाळी एकच तास. त्या तासात आई त्याला भरवायची. बाकीच्या वेळी ज्याच्या वाट्याला येईल तो भरवायचा, आणि उरकायचा. पलंगाची पाठ उभी न करताच चमचा तोंडात. एकदा आम्ही गेलो तर त्याच्या छातीवर सगळं सांडलेलं होतं आणि तो डाव्या हाताने ते आमच्यापासून झाकत होता. ज्याने आयुष्यात कुणाला इस्त्री न करता शर्ट दिला नाही, तो. माझी चिडचिड सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा मला राग आला नाही. नुसतं रडू आलं.

त्याच वर्षी माझा नर्सिंगला नंबर लागला. आमच्या शाळेचे कॅम्पस दोन. नवा गावाबाहेर, काचेचा. तिथे शिकायला बाहुल्या होत्या, त्या डोळे मिटायच्या, खोकायच्या, आणि शिकाऊ मुलींना ड्यूटी शेजारच्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात. जुना कॅम्पस गावात, भिंतींचे पोपडे निघालेले, बाहुली एकच आणि तिलाही हात एकच. पण जुन्या कॅम्पसच्या मुलींची ड्यूटी समोरच्या मोठ्या हॉस्पिटलात लागायची. मामाच्या हॉस्पिटलात.

दोन्ही कॅम्पस दाखवायला नेलं तेव्हा बाकीच्या मुली बाहुल्यांचे फोटो काढत होत्या आणि मी जुन्या कॅम्पसच्या गच्चीवरून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजत होते. माझे मार्क चांगले होते, नवा कॅम्पस सहज मिळत होता. प्रवेशाच्या टेबलावरच्या मॅडमनी चष्म्यावरून बघितलं.

"जुना? नीट विचार केलायस ना? एकदा घेतला की वर्षभर बदलता येत नाही."

"केलाय," मी म्हटलं.

घरी आई म्हणाली, "एका दगडात दोन पक्षी." खूप दिवसांनी ती मनापासून हसली. तू शिकशील पण आणि दादाला पण बघशील. मलाही तसंच वाटत होतं. एवढा हुशारीचा निर्णय आमच्या घरात याआधी कुणी घेतला नव्हता, असं मला वाटत होतं, आणि ते मी दोन-तीन जणींना सुनावलंसुद्धा.

त्या दिवसापासून आईने मामाला पढवायला घेतलं. रोज भरवताना तेच. "दादा, थोडे दिवस कळ काढ. टाचणी येणार आहे. पांढरा ड्रेस, कमरेला निळा पट्टा. मग सगळं तीच बघेल." आजारात चेहरे त्याला आणखीच पारखे झाले होते. मोठ्या डॉक्टरांना तो 'बटण' म्हणायचा, कारण त्यांच्या कोटाचं एक बटण तुटलेलं होतं. मला बघून कधी डोळे चमकायचे, कधी नाही. म्हणून आम्ही त्याच्या भाषेत सांगितलं. मी युनिफॉर्मच्या कापडाचा तुकडा नेला, त्याने तो चिमटीत चोळला आणि नाक मुरडलं. पट्टा दाखवला तो मात्र त्याला आवडला. बकल उघडून, लावून बघितलं. आईने त्याची मापाची टेप घरून आणून दिली होती, ती गळ्यात घालून तो बसायचा, आणि पट्ट्याची लांबीही त्याने एका हाताने मोजली.

पहिले काही महिने नुसते वर्ग असतात. ड्यूटी लागेपर्यंत युनिफॉर्म घालून वॉर्डात जायचं नाही, असा नियम. मी घरच्या कपड्यांत जायचे आणि तो विचारायचा, "पट्टा?"

"येतोय, मामा."

मग तो दाराकडे बघत बसायचा. मी समोर असताना.

ड्यूटी लागली त्या सकाळी मी युनिफॉर्मला घडी पडू नये म्हणून बसमध्ये उभी राहून गेले. आम्हाला कुठले वॉर्ड मिळणार ते अजून वाचून दाखवायचं होतं, पण मला दम कुठला? आधी जिने चढून तिसऱ्या मजल्यावर गेले. मामाचा पलंग भिंतीला टेकवून उभा केलेला. सगळेच पलंग तसे. रंगाऱ्याने शिडी लावली होती.

इन्चार्ज सिस्टर कपाट रिकामं करत होत्या. "काल दुपारी हलवलं सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "नव्या हॉस्पिटलात. इथे आता ऑपरेशनचे पेशंट येणार. घरी फोन नाही आला?"

आला होता. आईने उचलला होता, आणि माझा पहिला दिवस नासू नये म्हणून ती मूग गिळून गप्प बसली होती.

नवं हॉस्पिटल म्हणजे काचेच्या कॅम्पसच्या शेजारचं. जे मी स्वतःच्या हाताने नाकारलं होतं ते.

मी तशीच आमच्या ड्यूट्या लावणाऱ्या मॅडमकडे गेले. मला कॅम्पस बदलून द्या म्हटलं. नाहीतर निदान ड्यूटी तरी तिकडे द्या. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"तिकडे जागा नाही, बाळ. आणि असती तरी तुला त्या वॉर्डात लावलं नसतं. जवळचा नातेवाईक असेल त्या वॉर्डात आपण मुलींना ठेवत नाही."

"म्हणजे मामा इथे राहिला असता तरी?"

"तरी नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सगळ्यांना."

सांगितलं असेल. पहिल्या दिवशी मी खिडकीपाशी बसून तिसरा मजला बघत होते.

एवढं झाल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. मला खालच्या मजल्यावर पाय मोडलेल्या लोकांत लावलं. मी पलंग उभे करून लोकांना भरवायचे, सावकाश, घोट खाली गेलेला बघून मगच दुसरा चमचा. माझं नाव झालं. इन्चार्ज म्हणायच्या, हिच्यासारखा धीर बाकीच्यांनी शिकावा. मला धीर! मामाने ऐकलं असतं तर डाव्या हाताने कान धरला असता.

नव्या हॉस्पिटलात भेटायची वेळ दुपारची होती, माझी ड्यूटी दुपारपर्यंत, मध्ये दोन बस, आणि माझी सुट्टी रविवारी, तेव्हा तिथे भेट बंद. मी पोचायचे तेव्हा दार लागलेलं असायचं. काचेतून आत कॉरिडॉर दिसायचा, पलंग नाही. वॉचमनशी मी भांडले, हाता-पाया पडले, पुन्हा भांडले. तो म्हणाला, "ताई, मी दार उघडलं तर माझी नोकरी जाईल." त्याच्याही पुढे काय बोलणार? आई मात्र जात होती. ती म्हणायची, "बरा आहे. जेवतो. शर्ट स्वच्छ असतो." आणि मग लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागायची.

"माझी आठवण काढतो?"

"काढतो ना," आई म्हणायची आणि उठून आत जायची.

शेवटी एकदा सुट्टी आणि भेटायची वेळ जमली. युनिफॉर्म घालून जावं असं मनात होतं, इस्त्रीही केली, पण ड्यूटी नसताना युनिफॉर्म घालून वॉर्डात जायचं नाही हे आता मला पाठ होतं. घरच्या कपड्यांत गेले. आई बरोबर होती आणि बसमध्ये सगळा वेळ तिकिटाची घडी घालत, उलगडत बसली.

मामाचा पलंग खिडकीशी होता. पाठ सरळ उभी केलेली, छातीवर स्वच्छ फडकं, गळ्यात टेप. त्याच्यासमोर स्टुलावर आमच्याच शाळेची, नव्या कॅम्पसची एक मुलगी बसली होती. पांढरा ड्रेस, कमरेला निळा पट्टा. ती त्याला भरवत होती. चमचा ओठाला लावून थांबायची, घोट खाली जाऊ द्यायची, मगच दुसरा. मी काहीतरी चूक शोधत होते. सापडली नाही.

"टाचणी," मामा तिला म्हणाला, "पाणी."

"हो मामा," ती म्हणाली.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. ती मुलगी आईला बघून हसली, मग मला बघून तिचं हसू गेलं. माझ्याहून लहान दिसत होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. पहिल्या दिवशी तिने त्याला सांगितलं होतं, मी ती नाही. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. "मग ते तोंडच उघडेनात. रडायला लागले. मी काकूंना विचारलं, काय करू?"

मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"मी म्हटलं, हो म्हण," आई म्हणाली. "जेवत नव्हता गं. मी काय करायला हवं होतं?"

टोचायला एवढी पटाईत मी, आणि समोर टोचावं असं एकही माणूस नव्हतं.

मी मामाच्या जवळ गेले. "मामा, मी आले." त्याने आधी माझी बाही बघितली, मग गळा, मग चेहरा. चेहऱ्यावर तो थांबला नाही. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की तो जसा हसायचा तसा अदबीने हसला.

"या," तो म्हणाला. "बसा."

जन्मात त्याने मला कधी 'या' म्हटलं नव्हतं. मी स्टुलावर बसले.

त्या मुलीला राहवलं नाही. तिने आपला पट्टा सोडला आणि माझ्या हातात दिला. "पाच मिनिटं लावा. कुणी बघत नाहीये." मी लावला, घरच्या कपड्यांवर. मामा बघत होता. बकल लागलं तशा त्याच्या भुवया जवळ आल्या. कुणी भलत्या रंगाचं अस्तर आणून दिलं की यायच्या तशा.

"जात नाही," तो म्हणाला. "ह्यावर."

त्याने डावा हात पुढे केला. मी पट्टा काढून दिला. तो त्याने तिला दिला आणि ती लावेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला. मग त्याच्या कपाळावरची आठी गेली. त्याने माझ्या खांद्याची शिवण दोन बोटांत धरून बघितली. तयार कपडा होता, खांदा सैल होता. त्याला तो कसा आवडणार?

गळ्यातली टेप त्याने काढली आणि त्या मुलीपुढे धरली.

"टाचणी," तो म्हणाला, "ह्यांचं माप घे."

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला टेप कुठून धरायची तेही माहीत नव्हतं. आईने तोंडाला पदर लावला. मामा वाट बघत होता, गिऱ्हाईक खोळंबलं की व्हायचा तसा अस्वस्थ.

"आधी खांदा," मी तिला हळूच सांगितलं. "मानेच्या मागून."

मी स्टुलावरून उठले, तिच्याकडे पाठ केली, हात थोडे दूर धरले आणि ताठ उभी राहिले. माप घेताना हलायचं नाही, असं मामा सगळ्यांना सांगायचा.