ढब्बू अक्षर

दुकानांच्या पाट्यांसाठी नवनवी अक्षरं काढणाऱ्या अक्षरवाल्याचं घर आणि काम एकाच इमारतीत. वर बिऱ्हाड, खाली कामाची खोली, आणि बाहेर रस्त्याकडेला एक पांढरी भिंत. त्याच्या प्रत्येक नव्या अक्षराची परीक्षा त्या भिंतीवर व्हायची आणि परीक्षक कायमची ठरलेली, त्याची बायको.

रीत अशी होती. नव्या अक्षरात एक ओळ रंगवून तो कागद भिंतीला चिकटवायचा. बायको रस्त्याच्या पार टोकाला, बेकरीच्या दारापाशी जायची आणि तिथून भिंतीकडे चालत यायची. ओळ वाचता आली की हात वर करायचा. हात जितक्या लांबून वर, तितकं अक्षर पक्कं. आता नुसतं अबकड लिहून गप्प बसेल तर तो नवरा कसला? ओळ हमखास तिची कळ काढणारी असायची. एकदा त्यानं लिहिलं, 'बायको ऐकत नाही.' ती भर रस्त्यातून म्हणाली, "नवरा बोलायचा थांबला तर ऐकेन ना." बेकरीवाला हातातलं काम टाकून हसत बसला होता. असा त्यांचा संसार, निम्मा घरात नि निम्मा रस्त्यावर.

या खेपेला गिऱ्हाईक होता खेळण्यांचा दुकानदार. नवीन दुकान उघडत होता. पाटीवर, खोक्यांवर, पिशव्यांवर एकच अक्षर हवं होतं. "जाडजूड पाहिजे," तो म्हणाला. "पलीकडच्या फुटपाथवरून पोरानं बघितलं की बापाचा हात ओढलाच पाहिजे."

अक्षरवाला कामाला लागला. शिरोरेषा उशीसारखी फुगवली, काने लठ्ठ केले. क तर असा काही सुटला की शेजारच्या अक्षराला बसायला जागा उरेना. बायकोनं जवळून बघितलं आणि नाव ठेवलं, ढब्बू.

परीक्षा सुरू झाली. ती बेकरीपाशी जायची, वळायची आणि वळल्या वळल्या हात वर. उलट उत्तर नाही, शेरा नाही, काही नाही. पहिल्यांदा तो हरखला. मग मात्र त्याला ते खुपायला लागलं. हिला आपला कंटाळा आला असेल, त्याला वाटलं. इतक्या वर्षांत माणूस थट्टेलाही विटतो. रात्री धड झोप लागेना. लोकांना गंमत वाटेल, पण या माणसाला त्या रस्त्यातल्या उत्तरांवाचून जगायची सवयच नव्हती.

शेवटी त्यानं हुकमी पान काढलं. हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मेहुणी सुगरण, बायको अळणी.' आता हा अपमान गिळणारी बायको जगात जन्माला यायची आहे. पण ती बेकरीपाशी वळली, हात वर केला आणि गोड हसत चालत आली. "छान झालंय," म्हणाली, आणि जिना चढून वर गेली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तिला दिसतच नव्हतं. कोण जाणे किती दिवसांपासून.

बोलून टाकायचं ना? पण एरवी ज्याची जीभ टाळ्याला लागत नाही, तो नेमका मूग गिळून बसला. तिनं लपवलं आहे म्हणजे काहीतरी कारण असणार, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं आपल्याला येतो तोच उपाय केला. तीच ओळ, आणखी जाड. दुसऱ्या दिवशी त्याहून जाड. अक्षरांच्या पोटातली जागा बुजत गेली, भिंतीवर नुसती काळी ढेकळं दिसायला लागली. बायकोचा हात रोज वर, हसू रोज तेच. तिकडे दुकानदार तगादा लावून होता.

मग एका दुपारी ती सदऱ्याला बटणं लावत बसली होती. गडद कापडावरचं पांढरं बटण तिच्या बोटांनी सरळ जाऊन उचललं. काळं बटण तिथंच पडलेलं, तर ती ते चाचपत राहिली. तो बघत होता. गाढवा, तो स्वतःला म्हणाला, तू काळं वाढवतोयस आणि तिला हवंय पांढरं.

तो खाली गेला आणि सगळी अक्षरं नव्यानं काढली. अंग तेवढंच गुबगुबीत, पण पोटं मोकळी. व ला ऐसपैस खिडकी दिली, ण च्या उभ्या रेघा एकमेकींपासून लांब नेल्या, म च्या गाठीतसुद्धा उजेड शिरेल एवढी फट ठेवली. त्यामुळे झालं असं की प्रत्येक अक्षर तोंड उघडून हसत असल्यासारखं दिसायला लागलं. या अक्षरात कोणी वकिलानं नोटीस काढली असती तर वाचणारा हसून घरी गेला असता. खेळण्यांना मात्र ते चपखल बसलं असतं.

ओळ तीच. तो भिंतीपाशी उभा राहिला. ती बेकरीपाशी वळली, सवयीनं हात वर केला आणि चालायला लागली. अर्ध्या रस्त्यात ती थांबली. वर केलेला हात हळूहळू खाली आला.

"अळणी?" ती म्हणाली. "कोण अळणी?"

त्याचे डोळे भरून आले. त्याला हसू आवरेना नि रडूही आवरेना.

ती जवळ आली. कागदावरून हात फिरवला. "कधीपासून लिहिलंय हे?"

"आठवडा झाला."

ती त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कोणाला तिथं उभं केलं असतं. तुमच्या कामातलं तेवढंच तर माझं आहे हो."

तिला रागवायचं त्यानं पक्कं ठरवलं होतं, ते राहिलंच. त्यानं रंगानं माखलेल्या हातातच तिचा हात धरला. "संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि उद्या बेकरीपाशी तूच उभं राहायचं. तुला दिसेपर्यंत मी काढत राहीन. दुकानदार थांबेल, नाहीतर जाईल."

"हात वर कधी करू मग?"

"वाचता येईल तेव्हा."

तिनं मान डोलावली. पदरानं आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मग जिन्याकडे वळली आणि पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, "जेवायला वर येताय, की मेहुणीकडे जाताय?"