पुरात गणपती वाचवणारा माणूस

श्रावण लागला की अनिरुद्धकाका मला जिन्यात गाठतात. ईद कधीच होऊन गेलेली असते, पण आमच्या सोसायटीच्या गणेश मंडळाची स्मरणिका निघते भाद्रपदात, आणि तिचे संपादक काका. पहिल्या पानावर अथर्वशीर्ष, मग अध्यक्षांचं मनोगत, मग वाणी, दातांचे डॉक्टर आणि क्लासवाले यांच्या जाहिराती, आणि त्यांच्या मधोमध रेहानाताईंचा, म्हणजे माझा, शीरखुर्म्यावरचा लेख.

मी शाळेत मराठी शिकवते. एकदा मी काकांना म्हणाले, यंदा पाण्याच्या टाकीवर लिहिते. त्यांनी हसून विषय बदलला. मग काय, मी दरवर्षी तेच लिहीत आले. कधी शीरखुर्मा, कधी आईच्या हातचा मलिदा, कधी मामा त्यांच्या आळीतल्या गणपतीची आरास कशी करायचे ते. शेवट ठरलेला: सण निराळे, गोडवा एक. लोक जिन्यात थांबून छान लिहिता म्हणायचे, आणि मलाही वाटायचं की आपण काहीतरी करतोय. निदान या बिल्डिंगीत तरी कोणी आपल्या लोकांबद्दल वेडंवाकडं बोलणार नाही.

यंदा अब्बा बाथरूममध्ये पडले. खडकीत ते एकटेच राहतात, अम्मी गेल्यापासून. शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत तिथेच ओल्या फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला, आणि डॉक्टरांनी मला बजावलं की यांना पुन्हा एकटं ठेवू नका. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजल्यावरचा केयूरचा फ्लॅट मात्र रिकामा होता. केयूर हल्ली खराडीत राहतो, ऑफिसच्या जवळ. फोनवर तो चटकन म्हणाला की त्याला काहीच प्रॉब्लेम नाही, फक्त सोसायटीने ओके दिलं की झालं.

भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, हे मला ठाऊक होतं आणि केयूरलाही. पण बिल्डिंगीत राहायचं तर कायद्यापेक्षा सेक्रेटरी जवळचा. आमचे सेक्रेटरी अनंतराव. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, वडलांची चौकशी केली, आणि मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं वेगळं आहे हो, रेहानाताई. तुम्ही आमच्यातल्याच. पण एकाची दोन घरं झाली की पायंडा पडतो." विषय विसर्जनानंतरच्या सभेत घेऊ, म्हणाले.

मी वर आले आणि कुकर लावला, तर पाणीच घालायला विसरले. बसवेना. ओटा पुसला, पुन्हा पुसला. तुमचं वेगळं आहे. म्हणजे इतकी वर्षं लिहून मी काय केलं, तर एकटीपुरती सूट मिळवली. बाकीच्यांबद्दल यांचं जे मत होतं ते जिथल्या तिथे होतं, फक्त मी त्यातून वगळली गेले होते. आणि अब्बा माझ्या सुटीत बसत नव्हते.

अनिरुद्धकाका भला माणूस. त्यांनीच सुचवलं की या वेळी वडलांवर लिहा. स्मरणिका घरोघरी जाते, लोकांना आधीच त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली तर सभेत कोणाची जीभ रेटणार नाही. "काहीतरी असेलच की," ते म्हणाले. मंडळात काम केलं असेल, कोणाला रक्त दिलं असेल.

मी खूप आठवलं. काही नव्हतं. माझे वडील कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झाले. दाढीला मेंदी लावतात, पायजमा घोट्याच्या वर, पाच वेळची नमाज. टीव्ही इतका मोठा की गल्लीला बातम्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत. आणि भांडतात. दूधवाल्याशी, पोस्टमनशी, मशिदीच्या ट्रस्टींशी, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाशी. रक्त त्यांनी कोणाला दिलं नाही, बऱ्याच जणांचं आटवलं मात्र.

तरी मी लिहिलं. ओट्यापाशी उभ्याउभ्याच लिहिलं. मी लहान असताना मुळा नदीचं पाणी खडकीतल्या आमच्या वस्तीत शिरलं होतं, तो पूर घेतला. गुडघ्यापर्यंत पाणी, मांडवात गणपती, आणि माझे अब्बा मूर्ती डोक्यावर घेऊन पाणी कापत निघाले आहेत, मागून मंडळाची मुलं. शेवटी अब्बा म्हणतात, देव कोणाचाही असो, भिजू द्यायचा नसतो. हे वाक्य सुचलं तेव्हा मलाच भरून आलं. काकांनी वाचलं तर त्यांचा चष्मा धुरकटला, आणि ते म्हणाले, झालं तुमचं काम.

मला मात्र जेवण जाईना, शाळेत फळ्यापुढे उभी राहिले की काय शिकवायला आले होते तेच आठवेना. छापण्याआधी नजर टाकायला काकांनी पान दिलं होतं, ते पर्समध्ये घेऊन मी खडकीला गेले. अब्बांचे मोजे धुतले, गोळ्या काढून ठेवल्या. चहा करून बाहेर आले तर पान त्यांच्या हातात. अब्बांना छापलेलं काहीही दिसलं की ते वाचतात, भजी बांधून आलेला कागदसुद्धा.

घरात आम्ही आपली हिंदी बोलतो. अब्बा चिडले की मराठीत येतात, ती त्यांची कारखान्यातली सवय. त्यांनी पान खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, "हा माणूस कोण?"

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला.

"चांगला माणूस दिसतो. त्यालाच दे खोली."

मी भडकले. कोणासाठी चाललंय हे सगळं, मी विचारलं. रोज शाळा सुटल्यावर दोन रिक्षा बदलून कोण येतं, सेक्रेटरीच्या पायऱ्या कोण चढतं. आणि रागाच्या भरात जे बोलायला नको तेही बोलले. तुम्ही जसे आहात तसं लिहिलं, तर तुम्हाला ठेवून कोण घेईल?

अब्बांनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. बशी तशीच हातात होती. मला वाटलं आता ओरडतील. ते हळूच म्हणाले, "मी तिथे राहायला आलो की रोज मला हा माणूस व्हावं लागेल, बेटा. या वयात जमायचं नाही."

मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी परत धुतली. ज्या बापाला मी घरात घेऊ पाहत होते, त्याला मीच आधी उंबऱ्यावर अडवलं होतं. अनंतरावांनी निदान पाणी तरी विचारलं होतं.

रिक्षात बसल्याबसल्या मोबाइलवर लिहायला लागले. पूर तोच ठेवला, पण झालं होतं तसं लिहिलं. मंडळाच्या पोरांनी अब्बांना उचलून बाहेर काढलं होतं, आणि चप्पल मागे राहिली म्हणून अब्बा त्यांच्याशीच भांडले होते. गणपती कोणी वाचवला मला माहीत नाही. मग लिहिलं की माझे वडील तळमजल्यावर राहायला यायचे आहेत. त्यांचा गुडघा गेलाय. टीव्ही मोठा लावतात, सांगितलं तर चिडतात, दुसऱ्यांदा सांगितलं तर कमी करतात. पहाटे नमाजला उठतात आणि खोकतात. दाढी रंगवण्यावरून माझं त्यांचं भांडण आहे. अम्मीच्या आजारपणात त्यांनी तिची वेणी घालायला शिकून घेतलं, ती वाकडी यायची, आणि वाकडी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ते कोणापेक्षा चांगले नाहीत. मला ते जवळ हवेत. एवढंच. गोडवा वगैरे काही लिहिलं नाही.

अनिरुद्धकाकांनी उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अहो, हे छापलं तर आपण आपल्या हातानं नको म्हणणाऱ्यांना कारण दिल्यासारखं होईल."

"काका, कारण त्यांच्याकडे आधीपासून आहे," मी म्हणाले.

काका चरफडले, पण छापलं.

गणपतीचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आरतीला खाली जायचे, प्रसाद घ्यायचे, आणि प्रत्येक चेहरा तपासायचे. यंदा जिन्यात थांबून छान लिहिलंत असं कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या मजल्यावरची पूर्वा पावलं ऐकून दार लावून घ्यायची, किंवा मला तसं वाटायचं. रात्री कूस बदलून बदलून नवऱ्याची झोप मोडली. पहिलाच लेख बरा होता, असं एकदा तरी मनात येऊन गेलं नाही असा दिवस नव्हता.

सभा पार्किंगमध्ये भरली. मांडवाचे बांबू अजून तिथेच होते. अनंतरावांनी बाकीचे विषय उरकले आणि स्मरणिका हातात घेतली. मी तेव्हाच ओळखलं. आवाज त्यांनी अगदी मऊ ठेवला होता. प्रश्न धर्माचा मुळीच नाही, ते म्हणाले, हे आधी स्पष्ट करतो. पण स्वभावाचा विचार करायलाच हवा. ताईंनी स्वतःच लिहिलंय की गृहस्थ भांडखोर आहेत. ज्येष्ठांची सोसायटी आहे, शांतता महत्त्वाची. माना हलल्या. सुटल्यासारख्या हलल्या. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

मी उभी राहणार होते, पण काय बोलायचं ते जुळेना. तेवढ्यात मागून वासंतीबाई उठल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. माझ्याशी त्या इतक्या वर्षांत कचऱ्याच्या डब्यापलीकडे काही बोललेल्या नाहीत. शीरखुर्म्याच्या लेखांचं त्यांनी कधी नाव काढलं नव्हतं.

"स्वभावाची अट कधीपासून लागू झाली?" त्यांनी विचारलं. "मला कोणी कळवलं नाही."

अनंतराव म्हणाले, तसं नव्हे. वासंतीबाई म्हणाल्या की पार्किंगवरून तुम्ही पोलिसांत गेला होतात, आणि मी टाकीवरून तुम्हाला नाही नाही ते बोलले होते, तेव्हा आधी कोणाचं घर रिकामं करायचं तेवढं ठरवा. कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. अनंतरावही ओशाळं हसले. मला वाटलं, आता हसण्यावारी जाईल आणि विषय पुढच्या सभेवर ढकलतील.

वासंतीबाई बसल्या नाहीत. "तर स्वभाव झाला. आता दुसरं कारण असेल तर ज्याने त्याने उभं राहून सांगावं. मोघम नको."

हसू थांबलं. कोणी मोबाइल काढला, कोणी छताकडे बघितलं. पूर्वा बांगडी फिरवत राहिली. मी एकेकाकडे बघत होते. ते कारण तिथे होतं, माझ्याइतकंच हजर होतं. मी इतकी वर्षं त्याच्याशीच गोड बोलत आले होते. आज ते कोणाच्या तोंडून बाहेर पडायला तयार नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कोणीतरी उठा आणि बोला, असं मला ओरडावंसं वाटत होतं, आणि कोणी उठेल याची भीतीही वाटत होती.

कोणी उठलं नाही.

अनंतराव सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या काकांना म्हणाले, लिहून घ्या, परवानगी दिली. काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांची दया आली. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि लिहितालिहिता मोठ्याने म्हणाले, "सभेने एकमताने..."

"काका," मी म्हणाले. "एकमताने लिहू नका. कोणी हरकत घेतली नाही, एवढंच लिहा."

काकांनी अनंतरावांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तो शब्द खोडला आणि मी सांगितलं तेवढंच लिहिलं.