ओढलेल्या कांड्या

तुंगाबाईंनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ॲल्युमिनियमची कांडी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं सरकवली. मधोमध बोटं किंचित जवळ आली. त्यांनी कांडी बाजूला ठेवून पेटीतली दुसरी उचलली. तिचीही कंबर तशीच.

म्हैसूरजवळ हूटगळ्ळीतल्या त्यांच्या कारखान्याच्या शेडबाहेर टेम्पो उभा होता. दोनशे कांड्या रोपवेच्या पाळण्यांना जायच्या होत्या. एकेका पाळण्यात आठ माणसं बसणार, सगळा भार या कांड्यांवर.

"संकर्षणा, ह्या फार ओढल्यात."

मुलगा पावती लिहीत होता. "प्रत्येक कांडी ओढूनच बघतो की, अम्मा. तुटली नाही ना?"

"रंगाऱ्यांच्या घरात हात काळे-निळे झालेत माझे. ओलं कापड किती ताणलंय ते डोळे मिटून सांगते. मला शिकवतोस?"

त्यांनी सुनेला हाक मारली. तपासणीचं काम पावनीकडे होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग खणातून एक चकती काढली. कांडी कापून घासलेली, तयारच होती. तिनं ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

तुंगाबाईंनी डोळा लावला. राखाडी धातूत काळपट खडे, आणि बऱ्याच खड्यांच्या कडेला भेगेसारखी पोकळी.

"धातूला बळ यावं म्हणून घातलेले हे खडे कडक असतात," पावनी हळू आवाजात म्हणाली. "ॲल्युमिनियम मऊ. ओढलं की मऊ लांबतं, खडा लांबत नाही. त्याची पकड सुटते, काही खडे फुटतात. तिथं पोकळी होते. पोकळ्या वाढत वाढत एकमेकींना मिळतात, मग तुटतं."

"आणि बाहेरून?"

"चकचकीत. बोटांना कळतं ते फार उशिरा."

"ही चकती कधी कापलीस?"

पावनीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "युगादीच्या आधी."

"दोन महिने! रोज माझ्या पानात सारू वाढत होतीस, तेव्हा जीभ काय देवाला वाहिली होतीस?"

"ह्यांना सांगितलं होतं, अम्मा."

"साकु! पुरे!" संकर्षण उठला. "मशीनचा काटा बिघडला होता, ठरल्याहून जास्त ताण बसला. एवढंच. सगळ्या भंगारात टाकल्या तर काम हातचं जातं."

"म्हणजे युगादीनंतर जो माल गेला, तोही असाच?"

त्यानं पेनला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"दीड महिना पाळणे फिरतायत," तो म्हणाला. "कोणी पडलं नाही."

तुंगाबाई खुर्चीवर बसल्या. याच मुलाला त्यांनी सूत-रंगाच्या घरातून उचलून इंजिनिअर केलं होतं.

"पावनी, रोपवेवाल्यांना फोन लाव."

"लाव की," संकर्षण म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कागदांवर मालक म्हणून तुझं नाव आहे, अम्मा. तपासणीच्या प्रत्येक दाखल्यावर तुझी सही. माझं नाव कुठंच नाही."

त्यांची साठी भरली त्या दिवशी त्यानं कारखाना त्यांच्या नावावर केला होता. तुंगाबाईंनी गल्लीभर मैसूरपाक वाटला होता. शेजारणींना सांगताना पोरगा कसा पाया पडला तेही सांगितलं होतं, दर वेळी थोडं वाढवून.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो पावतीकडे पाहत होता.

पावनीनं फोन पुढे केला. पलीकडून कुणीतरी कन्नडात नाव विचारत होतं.

"आधी पाळणे थांबवा," तुंगाबाई कन्नडात म्हणाल्या. "लोकांना उतरवून घ्या. नाव मग सांगते, अक्षर-अक्षर लिहून घ्या."