मला ऊब बाधली

मित्रांनो, मी एक जुनी शिकारी बंदूक आहे. माझी नळी पोलादाची आहे आणि दस्ता बर्चच्या लाकडाचा. फिनलंडच्या उत्तरेला ऑक्टोबरातच तळ्यांच्या कडा गोठू लागतात. तिथल्या रानात माझा जन्म गेला.

घडवताना कारागिराने माझी नळी आणि खालचं लाकूड यांच्यामध्ये एक बारीक फट ठेवली. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते, तिला लाकडाचा धक्का लागू नये म्हणून. कागद सरकेल एवढीच ती फट, पण माझा सगळा नेम तिच्यात होता.

मला रेइनोने विकत घेतलं. अबोल माणूस. रानात मोठ्या सूचिपर्णी झाडाखाली उभा राहून तो मूसची, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाची, वाट पाही. खात्री नसली तर बोट चापावर नेतच नसे. घरी आल्यावर मला पुसून तो थंड पडवीतल्या कपाटात कुलूपबंद करी आणि स्वतः सौनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, वाफ घ्यायला जाई. आमच्या हातून कधी जनावर जखमी होऊन पळालं नाही. लोक माझं कौतुक करत, पण खरं कौतुक रेइनोच्या सबुरीचं होतं.

मग रेइनो वारला. त्याची बायको हिल्काही त्याच्यासोबत शिकारीला जाई. गावच्या शिकारी मंडळाने रेइनोची ती झाडाखालची जागा तिला दिली आणि मी तिच्या हाती आले. तिने माझ्यावर फार माया केली. पहिल्याच दिवशी रानातून गारठून परतल्यावर ती मला म्हणाली, "मी वाफेत बसायचं आणि तू पडवीत कुडकुडायचं? मला नाही बाई पटत." तिने गोळ्या काढल्या आणि मला सौनाच्या बाहेरच्या खोलीत, आपल्या टॉवेलशेजारी, खुंटीला टांगलं. तेव्हापासून ती रीतच पडली.

मला ती ऊब आवडे. पण सौनाचं दार उघडलं की वाफेचा लोट बाहेर येई आणि माझं लाकूड ती पीत राही. हळूहळू ते फुगलं आणि फट बुजली.

आमच्याकडे मूसच्या शिकारीआधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. कागदावरच्या मूसच्या छातीवर एक वर्तुळ असतं, सगळ्या गोळ्या त्यात बसल्या पाहिजेत. एकदा पास झालेली परीक्षा तीन वर्षं चालते. त्या शरदात हिल्काच्या परीक्षेची मुदत संपली. तिची पहिली गोळी बरोबर लागली. मग नळी तापली, लाकडाला दाबू लागली, आणि पुढच्या गोळ्या डावीकडे भरकटल्या. हिल्का नापास झाली.

तिचा दीर ताइस्तो तिथेच होता. त्याने माझ्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले, नळी घासून साफ केली, दुसरी काडतुसं आणली. फरक पडला नाही.

"वहिनी, बंदुकीत काही खोट नाही. आता तुमच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय," तो हसत म्हणाला. "रानात नाही आलात तरी शिकारी मंडळाचं सूप ढवळायला या. तुमच्या सूपाचा नेम कधी चुकत नाही."

"तुमच्या जिभेचा तरी कुठे चुकतो, भावजी?" हिल्का म्हणाली.

हंगामाआधीची शेवटची परीक्षा रविवारी होती. तिने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "या वेळी चुकले तर तुला भावजींना देऊन टाकीन. अर्धमेलं जनावर रानात तडफडत ठेवणारी मी नव्हे. रेइनोने मला माफ केलं नसतं." मला ओरडून सांगावंसं वाटलं, 'बाई, तुझे डोळे ठीक आहेत!' पण माझा आवाज तर एकच, आणि तो काय कामाचा?

त्या संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे सौना तापवून आत गेली. बाहेर येताना दार अडकलं. ते नेहमीच अडके. तिने लाथ मारून ते उघडलं आणि पुटपुटली, "वाफ पिऊन पिऊन किती फुगशील रे?"

मग ती थबकली. दाराकडे पाहिलं, खुंटीवर माझ्याकडे पाहिलं. खायला आणलेल्या सॉसेजचा कागद फाडून तिने त्याची पट्टी माझ्या नळीखाली सरकवली. पट्टी मध्येच अडली. हिल्का टॉवेल गुंडाळून बाकावर बसली आणि डोळे पुसत हसायला लागली.

"अगं, मीच तुला उकडत ठेवलं होतं की!"

तिने मला कोरड्या खोलीत सुकवलं. खालचं लाकूड हलक्या हाताने घासलं, कागद सहज सरकेपर्यंत, आणि ओल शिरू नये म्हणून जवसाचं तेल पाजलं. रविवारी तिच्या सगळ्या गोळ्या वर्तुळात बसल्या.

ताइस्तोने तो मूसचा कागद दोनदा पाहिला. "मग सूप कोण ढवळणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही," हिल्का म्हणाली. "मीठ बेताचं घाला."

त्या हंगामात आम्ही झाडाखाली उभ्या राहिलो. मूस आला, एकच गोळी सुटली, आणि तो जागच्या जागी कोसळला. हिल्काने टोपी काढली. मग रिवाजाप्रमाणे मांसाचे वाटे मांडले. ताइस्तो पाठ फिरवून उभा राहिला, आणि "हा कुणाचा?" असं विचारलं की न बघता एकेक नाव सांगू लागला. पहिलं नाव त्याने हिल्काचं घेतलं.

संध्याकाळी बर्फ पडत होता. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. हिल्का खुंटीपाशी आली, क्षणभर थांबली, आणि मागे वळून पडवीत गेली. मला पुसून तिने रेइनोच्या थंड कपाटात ठेवलं. "गार लागेल तुला," ती हळूच म्हणाली, "पण तुला हेच मानवतं."

मित्रांनो, वस्तू असो, जनावर असो की माणूस, माया जरूर करा. पण आपल्याला सुखाचं वाटतं तेच त्यालाही मानवतं का, हे एकदा बघा. त्या रात्री कुलूप लागलं, मी थंडीत एकटी होते, आणि इतकी माया माझ्यावर आजवर कुणी केली नव्हती.